खाडीपलीकडची विश्रांती

मीरा-भाईंदर रस्त्यावरील सिल्व्हर पार्क परिसरात राहणाऱ्या एखाद्या जोडप्याने ‘चार दिवस समुद्राकाठी कोठे जावे?’ असा प्रश्न केला, तर सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. कोणी गोव्याचे नाव घेतो, कोणी अलिबागचे, कोणी थेट केरळपर्यंत पोहोचतो. परंतु त्या प्रश्नाला दोन अटी जोडल्या, म्हणजे जागा शांत हवी आणि खर्च झेपणारा हवा असे म्हटले, की बहुतेक सल्लागार विचारात पडतात. आम्हांस वाटते, या दोन अटींचे उत्तर जाहिरातींपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. वसई-साष्टीच्या किनाऱ्यावर विश्रांतीसाठी जाण्याची प्रथा निदान तीन शतकांची आहे. तिचा मागोवा घेतला असता एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. जोवर शहर आणि किनारा यांच्यामध्ये खाडी असते, तोवर शांतता टिकते. खाडीवर पूल झाला की ती शांतता उठून पुढच्या खाडीपलीकडे जाते.

या प्रथेचा एक जुना दाखला वसईचाच आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे झाली. १६९५ साली जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी येथे येऊन गेला. कोटातील शहर साथीच्या रोगाने ओस पडत चालल्याचे त्याने नमूद केले आहे. त्याचबरोबर शहराबाहेरच्या एका रम्य पट्ट्याचेही त्याने वर्णन केले. त्याला तो ‘कसाबो’ म्हणतो. मैलोगणती पसरलेल्या नारळी, आंबे आणि उसाच्या बागा, आणि त्या बागांमध्ये वसईच्या धनिकांची राहती घरे. कोटातील रोगट हवेपासून दूर जाऊन ही मंडळी बागायतीत राहत असत. आज ज्याला आपण हवापालट म्हणतो तो हाच. मात्र ही विश्रांती जमीनदारांची होती. त्याच बागांत पाणी शिंपणाऱ्यांच्या आणि माडावर चढणाऱ्यांच्या वाट्याला हवा होती, पालट नव्हता.

वसई खाडीच्या दक्षिण मुखाशी धारावी बेट आहे. मुंबईच्या मध्यभागी असलेली धारावी ती नव्हे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही गावे ज्या भूमीवर वसली आहेत, तिचे हे जुने नाव. या बेटावरील खाणींतला दगड वसईच्या इमारतींसाठी वापरला जाई. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ साली आधी धारावीचा किल्ला घेतला आणि त्यानंतर वसई पडली. सत्ता पालटली, पण डोंगरीचे बेथलेहेम मातेचे चर्च, गोराईचे तीन राजांचे चर्च आणि त्यांच्याभोवतीची ख्रिस्ती गावे आपल्या जागी राहिली. पुढील दोन शतके येथे कोणी विश्रांतीसाठी आल्याचे फारसे ऐकिवात नाही. येथील लोक मासे धरीत, भात पिकवीत, मीठ काढीत. जगाला हा किनारा ठाऊक नव्हता, म्हणून तो शांत होता.

दरम्यान इंग्रजांची मुंबई वाढत होती. माहीमची खाडी ओलांडून वांद्र्याला जायचे तर पूर्वी होडीचाच आधार असे. लेडी जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून माहीमचा बांध तयार झाला आणि १८४५ साली तो रहदारीस खुला झाला. त्यामागोमाग लोहमार्ग आला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईपर्यंत पहिली लोकल धावली. वांद्र्याच्या पाखाड्यांभोवती धनिकांचे बंगले उठू लागले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा मोकळ्या हवेच्या शोधात निघालेल्यांची संख्या आणखी वाढली. दोनशे वर्षांपूर्वी वसईच्या धनिकांनी जे केले, तेच मुंबईच्या धनिकांनी केले. कारणही तेच होते.

वांद्रे भरल्यावर जुहूची पाळी आली. १९२४ साली पुण्यात शस्त्रक्रिया होऊन तुरुंगातून सुटका झाल्यावर महात्मा गांधी प्रकृती सुधारण्यासाठी जुहूलाच राहिले होते. त्या काळी जुहू हे आजाऱ्याला विसावा देण्याजोगे गाव होते, ही गोष्ट आज सांगूनही पटणार नाही. १९२८ साली तेथे विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन तेथे उतरले. आजाऱ्याच्या विसाव्याचे गाव आणि विमानांचा तळ यांत अंतर पडले ते अवघ्या चार वर्षांचे.

येथे एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ही विश्रांती कष्टकरी जोडप्यांच्या वाट्याला केव्हा आली? युरोपातही समुद्रस्नान ही प्रथम श्रीमंतांचीच चैन होती. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचे पाणी औषधी असल्याचे प्रतिपादन केले आणि इंग्लंडचे ब्रायटन हे कोळ्यांचे गाव उमरावांचे विश्रामस्थान बनले. तेथील कामगारांना पगारी रजेचा कायदा मिळायला १९३८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर. आम्हां ख्रिस्ती लोकांना रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून परिचित आहे. परंतु या शहरातील लाखो श्रमिकांचा तो विसाव्याचा दिवस झाला, याचे श्रेय सत्यशोधक विचारांच्या या पुढाऱ्याकडे जाते. कारखान्यातील कामगारांना वार्षिक पगारी रजेचा हक्क पुढे १९४८ च्या कायद्याने पक्का केला. रजा नाही तर सहल नाही. म्हणून सामान्य जोडप्याच्या समुद्रसहलीचा इतिहास किनाऱ्यावर सुरू होत नाही, तो गिरणीच्या दारात सुरू होतो.

रजा हाती आली तेव्हा मुंबईकरांची पावले मढ, मार्वे, मनोरी आणि गोराईकडे वळली. मार्वेहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला तरीने जावे लागे, आणि आजही तो मार्ग चालू आहे. तरीच्या त्या थोड्या मिनिटांच्या प्रवासाने या गावांचे किती रक्षण केले, ते मोजता येणार नाही. मोटार घेऊन येणाऱ्याला भाईंदरहून लांबचा वळसा घालावा लागतो, म्हणून गर्दीला आपोआप आळा बसला. १९८९ साली गोराईच्या भूमीवर एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजनाचे उद्यान उघडले आणि हजारो लोक खाडी ओलांडू लागले. १९९१ साली केंद्र सरकारने किनारी क्षेत्राच्या नियमनाची अधिसूचना काढून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध घातले. तरीही २००६ च्या सुमारास गोराई, मनोरी, उत्तन या गावांच्या जमिनीवर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी त्याला निकराने विरोध केला आणि तो तडीस गेला नाही. तेव्हा आज गोराईच्या वाळूवर जी थोडी शांतता उरली आहे, ती आपोआप उरलेली नाही; कोणीतरी ती राखली आहे.

आता सिल्व्हर पार्ककडे वळू. काही दशकांपूर्वी या परिसरात शेते आणि मिठागरे होती. १९८५ साली पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० साली उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही गावेही तिच्यात आली आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. म्हणजे सिल्व्हर पार्कचे इमारतीतले जोडपे आणि उत्तनचे कोळी जोडपे एकाच नगराचे रहिवासी आहेत. भाईंदर पश्चिमेहून राई, मुर्धे, डोंगरीमार्गे बस उत्तनला जाते. एका दिवसाच्या विसाव्यासाठी याहून जवळचा आणि स्वस्त समुद्र या जोडप्याला मिळणार नाही. वेलंकनी मातेच्या मंदिरात जाऊन सायंकाळी किनाऱ्यावर बसणारी कुटुंबे येथे नेहमीच दिसतात.

परंतु तेथे जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की उत्तनचा किनारा हे कामाचे ठिकाण आहे. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, जाळी पसरलेली असतात, स्त्रिया उन्हात सुकी मासळी निवडीत असतात. त्या वासाला नाक मुरडणाऱ्याने तेथे जाऊ नये. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. आपल्या शहराचा घनकचरा प्रकल्प उत्तनच्याच धावगी डोंगरावर आहे आणि त्याच्या दुर्गंधीविरुद्ध व धुराविरुद्ध गावकऱ्यांनी वेळोवेळी आवाज उठविला आहे. जेथे आपण विसावा शोधतो, तेथेच आपला कचरा जातो. हे ठाऊक झाल्यावर किनाऱ्यावर बाटल्या टाकून परतणे कोणाही विचारी माणसाला जमू नये.

दोन-तीन रात्रींचा मुक्काम करावयाचा असेल तर आमचे बोट पालघर तालुक्यातील केळव्याकडे वळते. येथेही इतिहासाने शांततेला हात दिला आहे. लोहमार्ग किनाऱ्यापासून आत राहिला, त्यामुळे केळवे रोड स्थानक आणि केळवे गाव यांत काही किलोमीटरचे अंतर पडले. समुद्र गाडीच्या दारात आला नाही. गावात शीतलादेवीचे मंदिर आहे, किनाऱ्याजवळ छोटा किल्ला आहे, सुरूच्या झाडांची लांब रांग आहे. केळवे-माहीमच्या पानवेली पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेल्या आहेत. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत जाऊ लागल्या आणि केळवे लोकलच्या तिकिटाच्या आवाक्यात आले. २०२५ साली विरारच्या नारंगी बाजूहून सफाळ्याजवळच्या जलसारपर्यंत वाहने नेणारी बोटही सुरू झाली. गर्दी वाढते आहे हे त्याचे फळ. शनिवार-रविवारी केळव्याला शांतता शोधणे व्यर्थ आहे. मंगळवारी गेल्यास तोच किनारा ओळखू येणार नाही, इतका मोकळा असतो.

याहून दूर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दक्षिणेकडे सिंधुदुर्ग आहे. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवण, तारकर्ली मुंबईपासून एका रात्रीवर आले. तेथेही ज्या गावांपर्यंत प्रथम रस्ता पोहोचला, ती प्रथम गजबजली. नियम तोच आहे, फक्त अंतर बदलले.

या साऱ्यातून सामान्य जोडप्याने काय घ्यावे? एक, शांतता ही जागेइतकीच वेळेचीही असते. शाळांची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळता आल्या तर अर्धे काम झाले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. जून-जुलैत मासेमारीही बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दोन, स्टेशनला किंवा हमरस्त्याला लागून असलेल्या जागेपेक्षा शेवटचा टप्पा रिक्षाने, बसने किंवा तरीने गाठावा लागणारी जागा निवडावी. त्या शेवटच्या टप्प्याचा त्रास हीच शांततेची किंमत असते, आणि ती पैशांत फार नसते. तीन, मोठ्या हॉटेलऐवजी गावातील घरी उतरावे. घरमालकीण जे घरच्यांसाठी रांधते तेच पाहुण्यांना वाढते, म्हणून खर्च आटोक्यात राहतो आणि पैसा गावातच राहतो. मात्र घरगुती म्हणून भावात अवाजवी घासाघीस करू नये. चार, पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळ्याला विचारावी. त्याचे ज्ञान फुकट मिळते आणि ते जीव वाचविते.

आज उत्तनहून विरारपर्यंत समुद्रावरून पूल बांधण्याची योजना पुढे आली आहे आणि मच्छीमारांनी तिला विरोध दर्शविला आहे. पूल वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही; आजाऱ्याला इस्पितळ गाठायचे असते तेव्हा खाडीचे कौतुक कोणाला सुचत नाही. परंतु माहीमच्या बांधापासून आजपर्यंतचा अनुभव सांगतो, की किनाऱ्याची शांतता एकदा गेली की ती परत येत नाही, ती केवळ पुढे सरकते. आता वसई-पालघरच्या पलीकडे सरकायला फारशी जागाही उरलेली नाही. वसईच्या कसाबोतील धनिकांना शांतता वारशाने मिळाली होती. आपल्याला ती उत्तन, गोराई आणि केळव्याच्या लोकांकडून दोन दिवसांपुरती उसनी मिळते. उसनी वस्तू जशी घ्यावी तशीच परत करावी, हा आपल्या घराघरांतला जुना रिवाज आहे.