दोन बिटांची उधारी

कॉम्पॅक्ट डिस्कसाठी फिलिप्सने आपला डॅक, म्हणजे आकड्यांपासून विजेची लहर घडवणारी चिप, आधीच हाताशी ठेवला होता. तो होता १४ बिटांचा. सोनीबरोबर बैठका झाल्या आणि १९८० मध्ये मानक ठरले १६ बिटांचे. १४ बिटांत आवाजाच्या १६,३८४ पायऱ्या पडतात, १६ बिटांत ६५,५३६. मानकाला हव्या त्यापेक्षा चौपट जाड पायऱ्यांची चिप पदरात, आणि स्पर्धा बारीक पायऱ्यांशी. फिलिप्सच्या आइंडहोवेनमधल्या संशोधकांनी पायऱ्या जाडच ठेवल्या. त्यामुळे येणारी खरखर मात्र त्यांनी कानाला पोचता येणार नाही अशा जागी हलवली. त्या हलवण्याची ही कुळकथा.

मुळात ही खरखर आली कुठून? लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर प्रत्येक टप्प्याला आवाज वाढवताना गोंगाटही वाढत जाई. त्यावर तोडगा म्हणून अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आवाजाचे आकड्यांत रूपांतर करायची कल्पना मांडली. आकडे तारेवरच्या गोंगाटाला दाद देत नाहीत. पण लहरीची नेमकी उंची आणि जवळची पायरी यांत थोडा फरक राहतोच. तो दर नमुन्याला, म्हणजे उंचीच्या दर मोजणीला, वेगळा, त्यामुळे कानाला बहुतेक वेळा खरखरीसारखाच लागतो. बेल प्रयोगशाळेच्या डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्ये या खरखरीचा रीतसर हिशेब मांडला: तिची शक्ती पायरीच्या उंचीच्या वर्गाचा बारावा भाग. म्हणजे एक बिट वाढवला की खरखर ६ डेसिबलने उतरते. बिट वाढवा, हाच मग सगळ्यांचा धडा झाला.

त्याच बेल प्रयोगशाळेत चेपिन कटलर यांना दुसरी वाट दिसली. त्यांचा पेटंट अर्ज १९५४ चा, मंजुरी १९६० ची. गोळाबेरीज करताना उरलेली चूक फेकून देऊ नका, पुढच्या नमुन्यात धरा, एवढेच त्यांचे म्हणणे. आपल्याकडे किराणा दुकानदार नेमके हेच करतो. समजा, रोजचे देणे ३० पैसे आणि गल्ल्यात फक्त रुपयाची नाणी. पहिले तीन दिवस काहीच द्यायचे नाही, बाकी चढत जाते ३०, ६०, ९०. चौथ्या दिवशी ती १२० झाली की एक रुपया द्यायचा, २० पैसे पुढे. मग सातव्या दिवशी एक, दहाव्या दिवशी एक. दहा दिवसांत तीन रुपये, हिशेब चोख. कुठल्याही एका दिवसाचा आकडा पाहिला तर तो चुकलेलाच दिसेल, पण चूक भराभर खालीवर होते आणि लांबच्या बेरजेत टिकत नाही. लहरींच्या भाषेत सांगायचे तर चूक खालच्या वारंवारतांतून निघून वरच्या वारंवारतांत गेली.

यातली खोच लक्षात घ्यायला हवी. एकूण खरखर यात कमी होत नाही. या साध्या, एकेरी पद्धतीत तिची एकूण शक्ती उलट दुप्पट होते. फायदा होतो तो जागेचा.

१९६२ मध्ये टोकियो विद्यापीठात हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी दूरवरची मोजमापे पाठवण्यासाठी याच वाटेची, एकाच बिटावर चालणारी रचना मांडली आणि तिला डेल्टा-सिग्मा म्हटले. संगीत त्यांच्या मनात नव्हते.

आता पुन्हा आइंडहोवेनला येऊ. सीडीवरचे नमुने सेकंदाला ४४,१०० असतात. फिलिप्सच्या एसएए७०३० या फिल्टर चिपने ते चौपट केले, १,७६,४००. खरखर चौपट रुंद पट्ट्यात पसरली, ऐकू येणाऱ्या भागात चौथाई उरली: ६ डेसिबलची कमाई. शिवाय १४ बिटांत बसवताना उरलेली चूक पुढच्या नमुन्यातून वळती केली: आणखी सुमारे ७ डेसिबल. दोन्ही मिळून दोन बिटांची तूट भरून निघाली. वर गेलेली खरखर साध्या, सौम्य फिल्टरने गाळता आली. सोनीच्या १९८२ च्या सीडीपी-१०१ मध्ये मात्र खरा १६ बिटांचा डॅक होता, पण त्याच्या पुढे तीव्र उताराचा अॅनालॉग फिल्टर लावावा लागला.

फिलिप्सचा डॅकही त्याच विचारातून घडला होता. रूडी व्हान दे प्लासशे यांनी १९७६ मध्ये दाखवले की दोन विद्युतप्रवाह तंतोतंत सारखे करता येत नसतील तर त्यांच्या जागा झपाझप आलटून पालटून बदला. सरासरी सारखी होते आणि तफावत वेगवान लहरीचे रूप घेते. ती लहर कपॅसिटर गिळतो. पुढच्या टीडीए१५४१ चिपच्या दोन्ही कडांना सात-सात लहान कपॅसिटर दिसतात ते याचसाठी.  डॅकच्या सगळ्या इतिहासात मला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्सने आणि जपानी कंपन्यांनी खरखर हलवण्याची ही वाट टोकाला नेली. फिलिप्सच्या बिटस्ट्रीम चिपा मूळ वेगाच्या २५६ पट वेगाने एकेकच बिट बाहेर सोडत. खर्च उतरला, पण घड्याळाच्या ठोक्यातली बारीकशी थरथरही आवाजात उतरू लागली, आणि शांत जागी भलतेच सूर उमटत. म्हणून आजचे चांगले डेल्टा-सिग्मा डॅक पुन्हा काही बिटांचे असतात आणि त्यांतले घटक व्हान दे प्लासशेंच्या रीतीनेच जागा बदलत राहतात.

एक खरखर मात्र अशी हलवता येत नाही. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवलेली, प्रत्येक रेझिस्टरमधून उष्णतेने उठणारी. तिच्यामुळे उत्तमातले उत्तम डॅकही १३० डेसिबलच्या आसपास थांबतात, म्हणजे बिटांत २१-२२. डॅक घेताना खोक्यावरच्या ३२ बिटांना भुलू नका. माहितीपत्रकात सिग्नल-टू-नॉइजचा आकडा किती डेसिबल दिला आहे, तो बघा.