सिस्टाइनच्या वाटेवरील दालने

व्हॅटिकन संग्रहालयात शिरणाऱ्या यात्रेकरूचे डोळे सिस्टाइन चॅपेलकडे लागलेले असतात. मायकेलएंजेलोच्या चित्रांची ओढ इतकी अनावर की, त्याआधी लागणारी आधुनिक कलेची दालने बहुतेकजण घाईघाईने ओलांडतात. वास्तविक या दालनांमागे ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका समेटाची कथा आहे.

शतकानुशतके ख्रिस्तसभा ही युरोपातील कलावंतांची मोठी आश्रयदाती होती. एकोणिसाव्या शतकात मात्र हे नाते सैल झाले. कलावंत नव्या वाटा शोधू लागले आणि चर्चमध्ये साच्यातून काढलेले पुतळे येऊ लागले. हा दुरावा पोप सहावे पॉल यांना सलत होता. ७ मे १९६४ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, त्यांनी कलावंतांना सिस्टाइन चॅपेलमध्ये पाचारण केले. आम्ही तुमच्यावर अनुकरणाची सक्ती केली, तुम्हांला दूर सारून हलक्या, स्वस्त वस्तू जवळ केल्या, अशी कबुली देऊन त्यांनी कलावंतांची क्षमा मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या युखरिस्टिक काँग्रेसला आले ते हेच पोपमहोदय.

त्यांची हाक वाया गेली नाही. कलावंत, त्यांचे कुटुंबीय आणि संग्राहक यांनी कलाकृती भेट दिल्या आणि २३ जून १९७३ रोजी या संग्रहाचे उद्घाटन झाले.

येथे व्हॅन गॉगचा 'पिएता' आहे. प्रोटेस्टंट पाळकाचा हा पुत्र बेल्जियममधील खाणकामगारांत सुवार्तिक म्हणून राबला. १८७९ मध्ये त्याला त्या सेवेतून दूर करण्यात आले. पुढे मनोरुग्णालयात असताना त्याने देलाक्रवाच्या चित्रावरून मृत ख्रिस्त आणि हात पसरलेली शोकाकुल माता रंगविली. मातिसच्या दालनात फ्रान्समधील व्हाँस येथील चॅपेलसाठी केलेले रंगीत काचांचे पूर्णाकृती आराखडे आहेत. मातिस काही धर्माचरणी नव्हे. आजारपणात आपली शुश्रूषा करणारी तरुणी पुढे डोमिनिकन धर्मभगिनी झाली. तिच्या स्नेहाखातर त्याने उतारवयात हे काम हाती घेतले. १९५१ मध्ये चॅपेलचे समर्पण झाले.

श्रद्धेच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातूनही देव आपले काम करवून घेतो, याची ही साक्ष होय.

मायकेलएंजेलोही एके काळी नवाच होता. 'अंतिम न्याय' या त्याच्या चित्रातील नग्न आकृत्या झाकण्याचा आदेश १५६४ मध्ये निघाला होता. आज त्याच भिंतीसमोर जग नतमस्तक होते. आपल्या धर्मग्रामात एखादे अनोळखी शैलीचे चित्र आले, तर नाक मुरडण्यापूर्वी क्षणभर त्याच्यासमोर थांबावे, एवढे तरी आपल्याला करता येईल.