बटाट्याचा प्रवास आणि मुलांचे ताट



चाकणच्या बाजारात कांद्या-बटाट्याची पोती आपण नेहमी पाहता. पण हा बटाटा मूळचा इथला नव्हे, बरं का! तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज दर्यावर्दी १४९८ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले आणि पुढे समुद्रमार्गे अमेरिकेतली पिके इकडे आली. मिरची, टोमॅटो, पपई, पेरू ही सारी त्याच खंडातली मंडळी. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवला, तेव्हा बटाटा हे इथले रोजचे अन्न नव्हते. आज तो उपासालासुद्धा चालतो! तात्पर्य काय, तर जिभेला वळण लावता येते.

हीच गोष्ट मुलांची. नवी भाजी मूल पहिल्यांदा नाकारते. म्हणून ती वर्ज्य समजू नये. रागावल्याशिवाय, थोडी थोडी, आठ-दहा वेळा वाढली, की पुष्कळ मुले ती खाऊ लागतात, असा अभ्यासकांचा अनुभव आहे.

शाळेतल्या आहाराचाही इतिहास पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. प्राथमिकच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी, असे प्रमाण पुढे ठरले. पण सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला निदान ३५० ग्रॅम भाज्या-फळे हवीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. आणि ही संघटना बटाट्याला भाज्यांत धरीत नाही! म्हणजे उरलेले ३०० ग्रॅम घरूनच यायला हवेत.

इथेच खरी अडचण आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. मग चिंचवड, भोसरी, चाकणपर्यंत कारखाने पसरले. शेते गेली, पगार आले. आईबाप दोघेही पाळीला गेले, की मुलाच्या हाती वेफर्सची पुडी येते. बटाटा तोच, पण तळलेला आणि खारवलेला.

तेव्हा गुरुजी, शाळेत परसबाग करा. जागा नसली तर जुने डबे घ्या. मेथी महिन्याभरात खुडायला येते. स्वतः पेरलेली भाजी मूल सहसा टाकीत नाही. आणि आईबापांनी पुडीच्या पैशांत एक केळे किंवा पेरू घ्यावा. बटाट्याला आपल्या ताटात यायला शतके लागली. मेथीला आपल्या मुलांसाठी एक सत्र पुरे आहे.