गृहभेट सुवार्ताकार्य

पाळकाने, उपदेशकाने वा बायबल स्त्रीने घरोघर जाऊन केलेले ख्रिस्ती वाचन, प्रार्थना व धर्मोपदेश यांचे कार्य.

उगम : मराठी प्रदेशात अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत काम सुरू केले; त्याचे अहमदनगर केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले (पहा : अमेरिकन मराठी मिशन). नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून होते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगरात पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेहून आलेले मिशनच्या मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन यांनी स्थानिक पाळक व स्वावलंबी मंडळ्या यांवर भर दिला.

वैशिष्ट्ये : पाळकाकडे उपासना, बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी आणि आजाऱ्यांच्या भेटी असत. परक्या पुरुषाला माजघरात प्रवेश नसल्याने उच्चवर्णीय घरांतील काम बायबल स्त्रियांकडे आले; त्या बायबल वाचून दाखवीत, अक्षरओळख व शिवणकामही शिकवीत. गावांत मात्र भेटीचे ठिकाण बहुधा महारवाडा व मांगवाडा होते, आणि नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती याच वस्त्यांतून आले. चर्चेला जोड मराठी पुस्तिका, ज्ञानोदय (१८४२) हे नियतकालिक व ख्रिस्ती कीर्तन यांची असे (पहा : कीर्तन; सांगळे, कृष्णराव).

महत्त्व : या कार्यातून स्त्रीशिक्षणाला घरातच वाट मिळाली आणि मराठी भाषक पाळकवर्ग तयार झाला. त्या परंपरेतील कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला (पहा : टिळक, नारायण वामन; टिळक, लक्ष्मीबाई).