दगडी रथाचा सारथी

कोणार्कचा रथ इतिहासात नरसिंहदेवाच्या नावावर जमा आहे. पूर्व गंग वंशातील या राजाने 13 व्या शतकात ओडिशाच्या सागरकिनारी सूर्यमंदिर 'उभारले', असे आपण शाळेपासून शिकत आलो. 24 चाके, 7 घोडे, सगळे दगडाचे. एकेका चाकाचा व्यास सुमारे 3 मीटर. माझे भांडण आहे ते या 'उभारले' क्रियापदाशी. राजा दगड फोडत नाही, वाहत नाही, घडवत नाही.

ज्यांनी घडवले त्यांची आठवण ओडिया लोककथेने ठेवली. 1200 कारागीर 12 वर्षे राबले, पण कळस बसेना. मुदतीत काम न झाल्यास शिरच्छेद, असे राजाने बजावले. तेव्हा मुख्य शिल्पी बिसू महाराणाचा 12 वर्षांचा मुलगा धर्मपद बापाला भेटायला आला आणि त्याने कळस बसवला. पण एका पोराला जमले ते 1200 जणांना का जमले नाही, असे राजाने विचारले तर? त्यांचे प्राण वाचावेत म्हणून धर्मपदाने समुद्रात उडी घेतली.

ही कथा अक्षरशः घडली की नाही, हा वाद मी पंडितांवर सोडतो. कष्टकऱ्याचे कौशल्यही त्याच्या जिवावर उठू शकते, हे सत्य ती रचणाऱ्यांनी सोसलेले असणार.

पुढचा इतिहास तर लिखितच आहे. या रथासमोर सूर्याचा सारथी अरुण याचा सुमारे 10 मीटर उंचीचा अखंड दगडी स्तंभ होता. पुराणांत अरुण 'अनूरु' आहे, म्हणजे मांड्या नसलेला. असा अपंग सारथी सूर्याचे घोडे हाकतो. 18 व्या शतकात ओडिशावर मराठ्यांचा अंमल असताना हा स्तंभ पुरीला नेऊन जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारापुढे उभा केला गेला. आणि त्या द्वाराच्या आत कोणाला मज्जाव होता? कंपनी सरकारच्या 1809 च्या नियमात प्रवेश नाकारलेल्या जातींची यादीच आहे. चांभार, डोम, पाण ही नावे तीत आहेत. म्हणजे परक्या सरकारने आपल्या धर्ममार्तंडांची अस्पृश्यता कायद्याच्या भाषेत बसवून दिली.

मंदिराच्या दारात दगडाच्या सारथ्याला मानाची जागा होती, जित्याजागत्या राबणाऱ्याला नव्हती. कोणार्कच्या शिल्पवैभवावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. ते वैभव मला मान्यच आहे, कारण ते आपल्यासारख्याच हातांचे आहे. म्हणूनच त्या रथाचा इतिहास राजाच्या आसनापासून नव्हे, छिन्नी धरलेल्या हातापासून लिहायला हवा. तो आपणच लिहावा लागेल.