बेळगावचा किल्ला व रट्ट राजा चौथा कार्तवीर्य

सीमाभागातील आपल्या मंडळ्यांत बेळगावच्या किल्ल्याचा उल्लेख बहुधा दोन निमित्तांनी होतो. प्रवचनात मानवी वैभवाची क्षणभंगुरता सांगावयाची झाली की ढासळलेला तट हाताशी असतोच. आणि सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की हा किल्ला मुळात कोणाचा, यावर आवाज चढतात. ज्या राजाच्या काळी तो उभा राहिला त्याचे नाव मात्र दोन्ही प्रसंगी क्वचितच कानी पडते. आम्हांस वाटते की त्या राजाची थोडी ओळख करून घेतल्यास या दोन्ही प्रकारच्या बोलण्यास आळा बसेल.

तो राजा म्हणजे रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य. रट्टांचे मूळ ठाणे सौंदत्ती, म्हणजे जुने सुगंधवर्ती. कूंडी तीन हजार या नावाच्या प्रांतावर ते प्रथम राष्ट्रकूटांचे, पुढे चालुक्यांचे मांडलिक म्हणून राज्य करीत. चालुक्यांची सत्ता मोडल्यावर त्यांनी स्वतंत्रपणे वागण्यास आरंभ केला, गोव्याच्या कदंबांकडून वेणुग्राम घेतले आणि तेथे आपली राजधानी आणली. वेणुग्राम म्हणजे आजचे बेळगाव. (२०१४ पासून सरकारी दप्तरी बेळगावी, आमच्या मंडळीत दोन्ही नावे चालतात आणि कोणाचे अडत नाही.) कार्तवीर्याचा अधिकारी बीचिराज याने इ. स. १२०४ च्या सुमारास किल्ला व त्यातील जैन मंदिर बांधले असे मानले जाते. छतावरील दगडी कमळामुळे कमल बसदी म्हणून ओळखले जाणारे ते मंदिर आजही उभे आहे. तट व खंदक मात्र बहुतांशी नंतरच्या राजवटींचे आहेत. तेव्हा क्षणभंगुरतेचा दाखला देताना आपण ज्या भिंतीकडे बोट दाखवितो ती बहुधा कार्तवीर्याची नसतेच.

त्याची खरी खूण त्याच्या लेखांत आहे. या किल्ल्यातील १२०४ सालचे दोन शिलालेख इंग्रजी अमलात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि लायोनेल बार्नेट यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या १३ व्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांत कार्तवीर्य व त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन यांची स्तुती आहे, ती अशा लेखांत असतेच. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो दानाचा भाग. बीचिराजाने बांधलेल्या जिनालयासाठी शुभचंद्र भट्टारक यांच्या हाती जमीन दिल्याचे तेथे नोंदले आहे. आणि त्याबरोबर व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणहून बसवून घेतलेली पट्टीही नोंदली आहे. या व्यापाऱ्यांत स्थानिकांबरोबर लाट देशाचे, म्हणजे गुजरातकडील, व मलयाळ देशाचे लोक आहेत. राजधानी नुकतीच वसत होती, आणि तिच्या देवस्थानाचा खर्च परगावचे, परभाषेचे लोक उचलीत होते. मंडळीची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या धर्मशिक्षक बंधूंना या नोंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

राजवट फार टिकली नाही. कार्तवीर्यामागून त्याचा पुत्र दुसरा लक्ष्मीदेव गादीवर आला. १२२८ चा त्याचा सौंदत्तीचा लेख उपलब्ध आहे. त्यानंतर दहा वर्षांच्या आत देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती वीचण याने रट्टांची सत्ता संपविली. पुढे विजयनगर, १४७३ च्या सुमारास महमूद गावान, नंतर आदिलशाही, मराठे, आणि १८१८ साली कर्नल मन्रो असे धनी बदलत गेले.

आता सीमाप्रश्नाकडे. रट्ट राजे आपल्या बिरुदांत स्वतःस लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. म्हणजे घराण्याचा अभिमान लातूरचा, लेखांची भाषा कानडी आणि धर्म मुख्यतः जैन. किल्ल्यातील सफा मशीद १६ व्या शतकातील, असदखान लारी याच्या नावाशी जोडलेली. तिच्या दोन खांबांवर कानडी भाषेतील लेख आहेत, पण ते नागरी लिपीत कोरलेले आहेत. एक ११९९ चा, कार्तवीर्याचा. दुसरा १२६१ चा, यादव कृष्णाचा. निपाणीस महाराष्ट्रात घालावे आणि बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यातच ठेवावे अशी शिफारस महाजन आयोगाने १९६७ साली केली. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या प्रश्नाचा निवाडा हे खांब करू शकत नाहीत, आणि कोणाच्याही बाजूने त्यांना साक्षीस उभे करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

असा प्रकार आपल्याकडेच घडतो असे नाही. पवित्र शास्त्रात अरारात म्हणून जो देश येतो (उत्पत्ती ८:४, २ राजे १९:३७, यिर्मया ५१:२७) तो इतिहासातील उरार्तू होय. त्याचा राजा पहिला अर्गिश्ती याने ख्रिस्तपूर्व ७८२ मध्ये एरेबुनी हा किल्ला बांधला आणि आपल्या हल्दी देवाच्या सामर्थ्याने, शत्रूस धाक बसावा म्हणून तो बांधल्याचे दगडावर कोरून ठेवले. तो दगड १९५० साली सापडला. १९६८ मध्ये आर्मेनियाच्या येरेवान नगराने त्या लेखाच्या आधारे आपला २७५० वा वर्धापन साजरा केला. अर्गिश्तीची भाषा आर्मेनियन नव्हे. तिचा त्या भाषेशी कुळाचाही संबंध नाही. तरी आज तेथे राहणाऱ्या लोकांनी, आणि ते बहुतेक ख्रिस्ती, त्यास आपला नगरसंस्थापक मानले. यात खोटेपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या भूमीवर आपण राहतो तिचे पूर्वीचे रहिवासी रक्ताने वा श्रद्धेने आपले नसले तरी त्यांचे ऋण मानता येते. परराष्ट्रीय कोरेशास देवाने अभिषिक्त म्हटले (यशया ४५:१), हे ज्यांनी वाचले आहे त्यांना हा विचार परका वाटू नये.

दुसऱ्या प्रवचनाबद्दलही थोडे. 'राजे गेले, आपण उरलो' असे म्हणणे आपल्या तोंडी तितकेसे शोभत नाही. मन्रोने किल्ला घेतला १८१८ मध्ये; लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जोसेफ टेलर बेळगावास आले १८२० मध्ये. त्यांची निष्ठा व कष्ट यांविषयी आम्हांस आदरच आहे. पण येथील मिशनकार्य ज्या वाटेने आले ती वाट याच किल्ल्याच्या वेढ्याने मोकळी केली होती, हे आपल्या शेजाऱ्यांना ठाऊक असते. आपणही ते जाणूनच बोलावे.

दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना किल्ला अवश्य दाखवावा. बराच भाग लष्कराकडे असल्याने चौकशी आधी करावी, आणि मशीद व बसदी दोन्ही ठिकाणी तेथील मंडळींची परवानगी घ्यावी. खांबाजवळ एक मराठी शाळेतील व एक कानडी शाळेतील मूल शेजारी उभे करावे. पहिल्याला काही अक्षरे लागतील पण अर्थ लागणार नाही. अक्षरे मोठ्याने उच्चारली तर दुसऱ्याला कदाचित एखादा शब्द कळेल.