समुद्रसपाटीवरून निघालेली सॅक

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर वसलेली आहेत. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. नेपाळच्या खुंबू भागातले नामचे बाजार हे गाव ३,४४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या दुपटीहून उंच आहे, आणि एव्हरेस्टच्या वाटेवर तिथून पुढेच खरी चढाई सुरू होते. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथे हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या जवळपास निम्मा असतो. विरळ हवेची सवय उपनगरात राहून होत नाही. पाय तयार करता येतात, सॅक भरता येते, कागदपत्रे जमवता येतात. या तिन्हींत गेल्या सत्तर वर्षांत सर्वांत जास्त बदलली ती सॅक. तिच्या बदलात डोंगराचा वाटा मात्र थोडा. आयातीचे नियम, परकीय चलन आणि विमानतळावरचा वजनकाटा यांनीच तिला घडवले.

गिरिभ्रमणाचा छंद मुंबईत संघटित झाला तो १९५० च्या दशकात. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्ट गाठले, पुढच्या वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि त्याच १९५४ सालात मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था उभी राहिली. उपनगरांचीही ही घडणीचीच वर्षे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. शनिवारी रात्री कर्जत किंवा कसारा लोकल पकडायची, रविवारी किल्ला करून परतायचे, हा रिवाज मध्य रेल्वेवरच्या घाटकोपर-मुलुंडकरांना सोयीचा होता. बोरिवली-अंधेरीच्या मंडळींना दादरला गाडी बदलावी लागे. प्रस्तरारोहणाचे धडे मुंब्र्याच्या कड्यांवर आणि कान्हेरीच्या कातळावर गिरवले जात. पुढे उपनगरांत स्थानिक संस्था निघाल्या. ‘सह्यांकन’ ही सह्याद्रीतली दीर्घ पदभ्रमण मोहीम भरवणारी मुलुंडची ‘चक्रम हायकर्स’ त्यांपैकीच.

या काळातल्या सॅकमध्ये दुकानातून ‘ट्रेकिंगचे’ म्हणून विकत घेतलेले फारसे काही नसे. पायात कॅनव्हासचे हंटर बूट, पाठीवर जाड कापडाची हॅवरसॅक, अंथरायला चादर आणि रात्रीसाठी दोन सेलची बॅटरी. पावसाळी भटकंतीने एक धडा मात्र पक्का शिकवला होता: सामान आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. वॉटरप्रूफ सॅक बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईकर सॅकला आतून प्लास्टिकचे अस्तर लावत आला आहे. सह्याद्रीने पावसाशी सामना करायला शिकवले. कोरड्या, हाडे गोठवणाऱ्या थंडीविषयी मात्र त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते.

नेपाळ परदेशी पाहुण्यांसाठी खुला होऊ लागला तो १९४९-५० च्या सुमारास. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने १९६४ मध्ये काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही कंपनी काढली आणि तंबू, स्वयंपाकी, हमाल यांसह पैसे घेऊन डोंगर दाखवण्याचा व्यवसाय जन्माला आला. त्याच वर्षी हिलरीच्या पुढाकाराने खुंबूच्या वाटेवरच्या लुक्ल्याची धावपट्टी तयार झाली. पाश्चात्त्य प्रवाशाला याचा जो फायदा झाला तो उघडच आहे. मुंबईच्या मध्यमवर्गीयाला झालेला फायदा वेगळ्या कारणाने होता. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीयाला तिथे व्हिसा लागत नव्हता आणि खर्च भारतीय रुपयांत भागत होता. ज्या काळात डॉलर मिळवणे ही सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती, त्या काळात बँकेतला किंवा सरकारी कचेरीतला माणूस साठवलेली रजा खर्चून परदेशातल्या उंच डोंगरात जाऊ शकेल, असा जवळचा देश हाच. कुर्ल्याहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौली सीमा, मग काठमांडूची बस. लुक्ल्याच्या विमानाचे भाडे परवडत नसेल तर जिरीपर्यंत बसने जाऊन पुढे चालत. शंभराहून मोठ्या भारतीय नोटा नेपाळमध्ये बराच काळ चालत नसत, म्हणून शंभराच्या नोटांची पुडकी हा सामानाचाच एक भाग होता.

कपड्यांचा प्रश्न अवघड होता. पिसांचे जॅकेट, उबदार झोपपिशवी, बर्फातले बूट या वस्तू देशात सहज मिळत नव्हत्या आणि बाहेरून मागवायच्या तर परवाना व जकात आडवी येई. वाटा तीन उरत. पहिली, परळला हिवाळ्यात बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडचे स्वेटर, दोन-तीन एकावर एक चढवायचे आणि वर रेनकोट. दुसरी, अमेरिका-इंग्लंडातल्या नातेवाइकाने सुट्टीत येताना आणलेले एखादे जॅकेट, जे मग ओळखीच्या चार घरांत फिरे. तिसरी, उसनवारी आणि भाडे: संस्थांच्या साठ्यातले सामान, किंवा थेट काठमांडूच्या थमेलमधली दुकाने, जिथे परदेशी मोहिमांनी मागे सोडलेल्या वस्तू विकायला आणि भाड्याने मिळत. माकडटोपी मात्र घरचीच असे. आज तिची चेष्टा होते. पण कान, मान आणि हनुवटी एकाच वस्तूत झाकणारे दुसरे काही तेव्हा हाती नव्हते.

पुढे मोठ्या मोहिमाही निघाल्या. गिरिविहारने १९८८ मध्ये ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगावर नागरी मोहीम नेली. १९९८ च्या नागरी एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व हृषीकेश यादव यांनी केले आणि तिच्यातून सुरेंद्र चव्हाण हे एव्हरेस्टवर पोहोचलेले पहिले मराठी गिर्यारोहक ठरले.

तयारीचा आणखी एक प्रवाह गिर्यारोहणापासून अगदी दूरचा, पण उपनगरांत खोलवर पोहोचलेला आहे. तो कैलास-मानसरोवर यात्रेचा. तिबेटातली ही यात्रा बंद पडली होती. भारत सरकारने ती १९८१ मध्ये पुन्हा सुरू केली. ज्यांनी आयुष्यात सिंहगड-रायगडापलीकडे चढ पाहिला नव्हता, अशी पन्नाशी-साठीची माणसे डोल्मा खिंडीची ५,६३० मीटर उंची गाठायला निघाली. परराष्ट्र मंत्रालयाच्या अटींनी या यात्रेकरूंना जे शिस्तीचे वळण लावले ते ट्रेकिंग संस्थांनाही जमले नव्हते. वय १८ ते ७०, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २५ किंवा कमी, दिल्लीत वैद्यकीय तपासणी, वाटेत गुंजीला पुन्हा तपासणी. तिथे नापास झालेला माणूस खाली परततो. सामानावर किलोची मर्यादा आणि खेचरावर लादायचे म्हणून ते पाणी न शिरणाऱ्या पोत्यात बांधायचे. याच वाटेवरच्या मालपा येथील १८ ऑगस्ट १९९८ च्या दरडीत यात्रेकरूंचा एक गट गाडला गेला. मुंबईच्या सांस्कृतिक जीवनात वावरलेल्या नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांत होत्या. सिक्कीममधल्या नथू ला मार्गे दुसरी वाट २०१५ मध्ये उघडली. २०२० ते २०२४ या काळात यात्रा झाली नाही, ती २०२५ मध्ये परत सुरू झाली.

१९९० नंतर सॅक झपाट्याने बदलली. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. ती मर्यादा पुढे वाढत जाऊन २,५०,००० डॉलर झाली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध, ७१५ वस्तूंवरचे, उठले. २००९ मध्ये डेकॅथलॉन भारतात आली. तोवर पायात ‘ॲक्शन’चे ट्रेकिंग बूट आले होते आणि सह्याद्रीत त्यांनी हंटर बुटांची जागा घेतली होती. आता एकाच छपराखाली घाम शोषणारा आतला थर, ऊब धरणारा मधला थर आणि वारा-पाऊस अडवणारा वरचा थर मिळू लागला. ‘दोन स्वेटर आणि रेनकोट’ हे सूत्र तसे चुकीचे नव्हतेच; फक्त त्याचे वजन दुप्पट होते आणि ओले झाल्यावर ते वाळत नसे.

नेपाळच्या पलीकडचा डोंगर आवाक्यात आला तो याच सुमारास, आणि त्यात आघाडीवर आहे टांझानियातले किलिमांजारो, उंची ५,८९५ मीटर. तिथल्या तयारीतला एक टप्पा मुंबईच्या उपनगरातच पार पडतो: अंधेरीजवळ सहार इथल्या विमानतळ आरोग्य कार्यालयात पीतज्वराची लस मिळते. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ही लस टांझानियापेक्षा भारतासाठी जास्त महत्त्वाची आहे. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडीस डास मुबलक आहे. म्हणून पीतज्वराच्या देशांतून लशीच्या दाखल्याशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. पूर्वी हा दाखला १० वर्षे चाले, जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. नेपाळचे कागद त्यामानाने साधे, तरी त्यातही अनेकांची फसगत होते. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींचे चालते.

शरीराच्या तयारीला उपनगराने आपली साधने शोधली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो, आणि कान्हेरीपर्यंतचा रस्ता, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन, हा ठरलेला सराव आहे. अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या, इतरत्र राहत्या इमारतीचा जिना, आणि महिन्यातून एकदा बारी गावातून कळसूबाई. यातून मांड्या आणि गुडघे बळकट होतात. उंचीचा त्रास मात्र टळत नाही, कारण तो दमसासावर अवलंबून नाही. तरुण, तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो आणि उलट त्यात आधी सापडतो. हे ज्ञान भारतीय सैन्याने मोल देऊन मिळवले. चीन सीमेवर घाईने वर पाठवलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि उंचीच्या आजाराच्या जागतिक साहित्यात तो आजही मूलभूत मानला जातो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम द्यावा, हा आजचा नियम. ॲसिटाझोलामाइड म्हणजे ‘डायमॉक्स’ची गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने सोबत असते; तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, हे आधी माहीत असलेले बरे. वेळापत्रकातला विश्रांतीचा दिवस कापून रजा वाचवणे ही मात्र मुंबईकराची जुनी खोड, आणि तिच्यावर गोळीचा इलाज नाही.

खाण्याच्या बाबतीत उपनगरांचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो. घाटकोपर आणि मुलुंडच्या गुजराती-कच्छी घरांतून थेपले आणि खाखरे निघतात. मराठी घरांतून मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा, आलेपाक आणि लिंबाचे लोणचे. यामागे नुसता घरचा लळा नाही. उंचीवर भूक मरते, अनेकांना गोड नकोसे होते आणि आंबट-खारटच घशाखाली उतरते. जैन ट्रेकरची अडचण आणखी वेगळी. खुंबूतल्या शेर्पा स्वयंपाकाचा कणा बटाटा आहे, तो त्याला चालत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे तर लॉजचे वेळापत्रक जुळत नाही. त्यामुळे त्याच्या सामानात खाण्याचा वाटा इतरांच्या कितीतरी पट असतो, आणि काही गट आपला स्वयंपाकीच बरोबर नेतात.

हे सगळे शेवटी काट्यावर जाते. लुक्ल्याच्या छोट्या विमानात साधारण १५ किलोची मर्यादा असते, हातातली पिशवी धरून. गर्दीच्या हंगामात हे विमान काठमांडूहून न उडता मंथलीहून उडते. किलिमांजारोवर हमालाकडे द्यायची पिशवी १५ किलोपर्यंत, कारण त्याच्या एकूण ओझ्यावर २० किलोची मर्यादा आहे. म्हणून जाड बूट आणि जॅकेट अंगावर घालूनच, मे महिन्याच्या उकाड्यात, विमानतळावर उतरायचे, ही युक्ती रूढ झाली. पूर्वी सॅकमध्ये ३६ छायाचित्रांचे फिल्म रोल असत. आज त्या जागी पॉवर बँक असते आणि ती केबिनमध्येच न्यावी लागते. स्टोव्हचे गॅस सिलिंडर तर विमानात कुठेच चालत नाहीत.

परतल्यावर सामान माळ्यावर जाते, आणि कोकणपट्टीची दमट हवा तिथे आपले काम करते. झोपपिशवी दाबून तिच्या थैलीत ठेवली तर भरण चपटे होते आणि ऊब जाते. पिसांना बुरशी धरते. झोपपिशवी सैल, सुती पिशवीत ठेवून पावसाळ्यानंतर ऊन दाखवावे लागते. त्याहून फसवे असतात बूट. अनेक ट्रेकिंग बुटांच्या तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू फुटत जातो, न वापरता नुसते ठेवले तर अधिकच. बाहेरून नवे दिसणारे चार-पाच वर्षांपूर्वीचे बूट चालीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी तळवा सोडतात, आणि दुकान तेव्हा बरेच मागे राहिलेले असते. जाणते ट्रेकर त्यामुळे जुने बूट निघण्याच्या महिनाभर आधी काढतात, कान्हेरीच्या रस्त्यावर दोन रविवार चालवून पाहतात, आणि तरीही सॅकच्या वरच्या कप्प्यात चिकटपट्टी, सुतळी आणि फेविक्विकची एक ट्यूब ठेवतात.